पाऊस 'पडला' आणि पाऊस 'लागला'
इंग्रजीतील 'सेट इन' या क्रियापदाचा अर्थ व उपयोग

दरवर्षी मे महिना संपत आला, की भारतीय हवामानशास्त्र विभागाकडून एक लहानसे इंग्रजी निवेदन प्रसृत होते. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या केरळातील आगमनाची वार्ता त्यात असते आणि त्या वार्तेसाठी 'सेट इन' हे दोन शब्दांचे क्रियापद योजलेले असते. दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांत 'मान्सून केरळात दाखल' असा मथळा येतो. पुढे काही दिवसांनी मोसमी वारे कोकणात पोहोचतात. तेव्हा इंग्रजी निवेदनातील क्रियापद बदलते; तेथे 'ॲडव्हान्स', म्हणजे पुढे सरकणे, हे क्रियापद येते. मराठी मथळ्यात मात्र 'दाखल' हाच शब्द कायम राहतो.

एका शब्दाने काम भागते तेथे दोन कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु 'दाखल होणे' म्हणजे उंबरठ्याच्या आत पाऊल पडणे. पाहुणा दाखल होतो आणि तासाभरात निघूनही जातो. 'सेट इन' या क्रियापदात आत येण्याबरोबरच तेथे मुक्काम ठोकण्याचा अर्थ आहे, आणि इंग्रजी भाषिकाच्या मनात तोच अर्थ प्रबळ असतो. हा फरक केवळ भाषेच्या अभ्यासकाने पाहावा इतका बारीक नाही. घरात बियाण्याच्या पिशव्या आणून ठेवलेला विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी ज्या एका प्रश्नाचे उत्तर आकाशात शोधत असतो, तो प्रश्न नेमका हाच आहे : पाऊस आला की पाऊस लागला?

शब्दाची घडण

इंग्रजीतील 'सेट' हे क्रियापद अर्थांच्या विपुलतेसाठी प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद याच क्रियापदाची होती. या पसाऱ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसविणे. मराठीत 'बसणे' व 'बसविणे' यांच्यात जे नाते आहे तेच या दोन इंग्रजी क्रियापदांत आहे. हे कुळ फार जुने असून संस्कृतातील 'सद्' हा धातू त्याचाच भाऊबंद होय. 'सदन', 'संसद' आणि 'परिषद' हे आपल्या नित्य परिचयाचे शब्द त्याच धातूपासून आले आहेत. तेव्हा विधानपरिषद आणि पावसाचे 'सेट इन' होणे यांचे दूरचे का होईना, नाते आहे, हे वाचकांस मौजेचे वाटेल.

बसविलेली वस्तू स्थिर होते. म्हणून 'सेट' या शब्दाला स्थिरावण्याचा, घट्ट होण्याचा अर्थ आला. कालविलेले सिमेंट 'सेट' होते, मुरंबा 'सेट' होतो, विरजलेले दूधही 'सेट' होते. 'इन' हे अव्यय आतली दिशा दाखविते. समुद्राच्या भरतीचा ओघ किनाऱ्याकडे वळला, म्हणजे त्यालाही इंग्रजीत 'सेट इन' म्हणत. भरती एकदा वळली की ती मध्येच माघारी फिरत नाही. ठरलेला काळ ती चढतच राहते. आत येणे आणि येऊन टिकणे या दोन्ही कल्पना या एका चित्रात एकत्र दिसतात.

या क्रियापदाचे नाम 'इन' लावून होत नाही, ही एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. त्यासाठी 'ऑनसेट' हा शब्द वापरला जातो. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ हल्ला किंवा चढाई असा होता. पुढे तो मवाळ होऊन आरंभ या अर्थाने रूढ झाला. आजाराचा 'ऑनसेट', मोसमी पावसाचा 'ऑनसेट' अशा प्रयोगांत जुन्या चढाईचा थोडासा वास अजून आहे.

'बिगिन' आणि 'सेट इन'

शाळेतील विद्यार्थ्याला 'बिगिन', 'स्टार्ट' आणि 'सेट इन' या तिहींचा अर्थ 'सुरू होणे' असा सांगितला जातो आणि तेथेच घोटाळ्याचे बी पडते. पुढील दोन वाक्ये पाहावीत. 'इट बिगॅन टु रेन ॲट फोर' आणि 'द रेन सेट इन ॲट फोर'. दोहोंत घड्याळात चारच वाजले आहेत. पहिले वाक्य ऐकून माणूस छत्री उघडील. पाच मिनिटांनी पाऊस थांबला तरी ते वाक्य खोटे ठरणार नाही. दुसरे वाक्य ऐकून तो बाहेर जाण्याचा बेतच रद्द करील. पाच मिनिटांत ऊन पडले, तर दुसरे वाक्य बोलणाऱ्याला आपले शब्द मागे घ्यावे लागतील. याचा अर्थ असा, की 'सेट इन' हे क्रियापद आरंभाची वार्ता देताना पुढील काळाबद्दलही एक हमी देते.

या हमीमुळेच त्याच्या कर्त्याची निवड मर्यादित झाली आहे. माणूस 'सेट इन' होत नाही. सभा, शाळा, नाटक किंवा काम हेही होत नाही. जे कोणी ठरवून सुरू करीत नाही, जे आपोआप येते आणि आल्यावर सहजासहजी हटत नाही, तेच या क्रियापदाचा कर्ता होऊ शकते. हिवाळा, धुके, अंधार, गारठा, अवर्षण, मंदी, कुजणे, गंजणे, जखमेतील जंतुसंसर्ग, निराशा, घबराट, कंटाळा, थकवा असा हा परिवार आहे. या यादीत सुखाची गोष्ट जवळजवळ नाही, हे लगेच ध्यानात येते. आनंद 'सेट इन' झाला असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही. इंग्रजी शब्दकोशही हे क्रियापद बहुधा अप्रिय गोष्टींसाठी वापरले जाते, अशी सूचना देतात.

येथे हिंदुस्थानाने एक अपवाद घडविला आहे. ज्या देशात संततधार म्हणजे भिजलेले कपडे आणि बुडालेली सुटी, तेथे पावसाने ठाण मांडणे ही तक्रारीची बाब होती. ज्या देशात चार महिन्यांच्या पावसावर वर्षाचे धान्य अवलंबून, तेथे तीच वार्ता आनंदाची ठरली. शब्द तोच राहिला, ऐकणाऱ्याचे मन बदलले. परक्या भाषेतील शब्द आपल्या मातीत रुजतो तेव्हा असे घडते, आणि शब्दकोशांच्या सूचनांत ते नेहमीच नोंदलेले आढळत नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने हे क्रियापद अवघड नाही. 'सेट' या रूपाला भूतकाळात वा कृदंतात विकार होत नाही. 'सेट्स इन', 'सेट इन', 'हॅज सेट इन', 'इज सेटिंग इन' एवढी रूपे पुरतात. ते अकर्मक असल्याने त्याला कर्म जोडता येत नाही आणि त्याचा कर्मणि प्रयोगही होत नाही. 'वी सेट इन द वर्क ॲट टेन' किंवा 'द मीटिंग वॉज सेट इन ॲट टेन' अशी वाक्ये विद्यार्थ्यांच्या वह्यांत दिसतात. ती दोन्ही चूक आहेत. मनुष्य नेटाने कामाला लागतो तेव्हा 'सेट अबाउट', काही हेतू धरून निघतो तेव्हा 'सेट आउट', प्रवासाला निघतो तेव्हा 'सेट ऑफ' आणि संस्था किंवा कारखाना उभा करतो तेव्हा 'सेट अप', अशी ही भावंडे वेगवेगळ्या घरी नांदतात. 'सेट ऑफ' ठिणगीचेही काम करते : एका अफवेने दंगल उसळली, तर ती 'सेट ऑफ' झाली. मग गावात जी भीती घर करून राहिली, ती 'सेट इन' झाली. कादंबरीचे कथानक पुण्यात घडते हे सांगतानाही इंग्रजीत 'सेट इन पुणे' म्हणतात. पण तेथे 'इन' हे पुण्याचे आहे, क्रियापदाचे नव्हे. त्याचा या क्रियापदाशी संबंध नाही.

वाक्यात हे क्रियापद 'बिफोर' आणि 'वन्स' यांच्या संगतीत फार शोभते. 'बिफोर द रेन्स सेट इन' म्हणजे पाऊस लागण्यापूर्वी. छप्पर शाकारणे, नाले साफ करणे, सरपण आत घेणे ही कामे त्याच्या पुढे येतात. 'वन्स द रॉट सेट्स इन' म्हणजे एकदा का कीड लागली की. त्याच्या पुढे सहसा काही चांगले येत नाही.

मराठीचे 'लागणे'

आतापर्यंतच्या विवेचनात 'पाऊस लागणे' हा प्रयोग दोनतीनदा येऊन गेला. तो सहज आलेला नाही. 'सेट इन' या क्रियापदाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नसला, तरी त्याच्या सर्वांत जवळ उभे राहणारे क्रियापद 'लागणे' हेच आहे. मृग नक्षत्र लागते, आषाढ लागतो, ग्रहण लागते, झड लागते, घराला वाळवी लागते, कणसाला कीड लागते. प्रत्येक ठिकाणी काही तरी येऊन चिकटले आणि आता ते काही काळ सुटणार नाही, असा भाव आहे. गृहिणी सकाळी भांडे जरासे कलते करून दही लागले का, ते पाहते. इंग्रज गृहिणी त्याच प्रश्नासाठी 'सेट' हाच शब्द वापरील. बागायतदार आंब्याचे कलम लागले म्हणतो तेव्हाही सांधा धरल्याची, झाड टिकणार असल्याची खात्री तो देत असतो. दोन दूरच्या भाषांनी एकाच अनुभवासाठी इतके समांतर शब्द घडवावेत, हे विलक्षण आहे.

'लागणे' हेच क्रियापद मराठीत साह्यकारी म्हणूनही येते आणि तेव्हा त्याचा अर्थ नुसता आरंभ असा होतो. 'पाऊस पडू लागला' म्हणजे 'बिगॅन टु रेन'. 'पाऊस लागला' म्हणजे 'द रेन सेट इन'. मधले 'पडू' गळाले आणि आरंभाचा मुक्काम झाला. इंग्रजीला ज्यासाठी दोन निरनिराळी क्रियापदे लागतात, ते मराठी एका क्रियापदाच्या जागा बदलून साधते. अर्थात यात एक अडचण आहे. 'वाटेत पाऊस लागला' असे म्हटले, तर तो प्रवाशाला भेटलेला पाऊस असतो आणि पुढच्या गावी पोहोचेपर्यंत तो थांबलेलाही असतो. म्हणून जेथे संदिग्धता नको, तेथे 'पावसाने जम धरला', 'पाऊस मार्गी लागला', 'पाऊस स्थिरावला' असे प्रयोग करावेत. बोलीतील 'पाऊस लागून राहिला' हा प्रयोग तर या सर्वांहून नेमका आहे.

इतर कर्त्यांच्या बाबतीत मात्र 'लागणे' नेहमी चालत नाही. थंडी पडते; 'थंडी लागली' म्हटले तर ती माणसाच्या अंगाला लागलेली असते. अंधारही पडतो. रोग जडतो, जखम चिघळते, घबराट पसरते, निराशा ग्रासते, मंदी येते, अवर्षण ओढवते. एका इंग्रजी क्रियापदासाठी इतकी मराठी क्रियापदे हाताशी असताना, सर्वत्र 'सुरू झाले' लिहून मोकळे होणारा अनुवाद आळशी म्हटला पाहिजे. 'निराशा सुरू झाली' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण ते कोणत्याही मराठी माणसाच्या तोंडी येणार नाही.

प्रसूतिशास्त्रातील एक प्रयोग येथे उल्लेखनीय आहे. बाळंतपणाच्या कळांनाही इंग्रजीत 'सेट इन' योजतात. गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत काही स्त्रियांना फसव्या कळा येतात. त्या अनियमित असतात आणि विश्रांतीने विरून जातात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, ते अंतर कमी कमी होत जाते आणि कळांचा जोर वाढत जातो. फसव्या कळा येऊन गेल्या, तर अनुभवी परिचारिका 'सेट इन' हा शब्द उच्चारीत नाही. घरची जाणती बाई 'कळा धरल्यासारख्या वाटतात, पण अजून वेळ आहे' म्हणते, तेव्हा तीही हाच विवेक करीत असते. आलेली गोष्ट आणि टिकणारी गोष्ट ओळखण्यासाठी दोघींनाही काही काळ थांबून पाहावे लागते.

खात्री कशी होते

थांबून पाहण्याचा हाच नियम हवामानशास्त्र विभागाने पावसालाही लावला आहे. हा विभाग १८७५ साली स्थापन झाला. त्याचे मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ मध्ये सिमल्याला, तेथून १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील वेधशाळेला जुने पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणतात, ते यामुळेच.

मे महिन्यात केरळात पाऊस पडतच असतो. तो वळवाचा कोणता आणि मोसमी कोणता, हे पूर्वी बरेचसे अनुभवी अधिकाऱ्यांच्या निर्णयावर अवलंबून असे. २००६ पासून त्यासाठी निश्चित कसोट्या अमलात आल्या. पहिली कसोटी पावसाची. मिनिकॉय, अमिनी, तिरुवनंतपुरम, कोची, कोळिकोड, मंगळूर आदी १४ केंद्रे यासाठी निवडलेली आहेत. १० मेनंतर यांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस नोंदला गेला पाहिजे. 'केरळ' म्हणताना त्यात लक्षद्वीपमधील बेटे आणि कर्नाटकातील मंगळूरही धरलेले आहे, हे येथे दिसून येईल.

परंतु नुसता पाऊस पुरत नाही. दुसरी कसोटी वाऱ्याची आहे. अरबी समुद्राच्या दक्षिण भागावर पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा थर ६०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वाचार किलोमीटर उंचीपर्यंत, जाड झालेला असावा लागतो. आणि खालच्या थरात, ९२५ हेक्टोपास्कलच्या पातळीवर, त्यांचा वेग १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी साधारण २८ ते ३७ किलोमीटर असावा लागतो. तिसरी कसोटी ढगांची. पृथ्वीवरून अवकाशाकडे परतणारे दीर्घलहरी प्रारण उपग्रहांद्वारे मोजले जाते. ते दर चौरस मीटरला २०० वॅटपेक्षा कमी भरले, तर तेथे उंच व थंड माथ्याच्या ढगांचे विस्तीर्ण छत पसरले आहे, असा निष्कर्ष निघतो. या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या, तरच दुसऱ्या दिवशी 'सेट इन' हा शब्द निवेदनात उमटतो.

या कसोट्यांकडे भाषेच्या दृष्टीने पाहिले, तर त्या एका क्रियापदाची केलेली व्याख्याच आहेत. लागोपाठ दोन दिवस ही अट 'बिगिन' आणि 'सेट इन' यांना वेगळे करते. वाऱ्याच्या थराची अट पावसामागे सतत पुरवठा करणारी यंत्रणा उभी आहे की नाही, ते पाहते. एखाद्या सायंकाळी कडाडून पडलेल्या वळवाने कितीही पाणी ओतले, तरी त्याच्या पाठीशी ही यंत्रणा नसते.

तरीही या शब्दाची हमी किती दूर पोहोचते, याचा विचार आवश्यक आहे. केरळातील आगमनाची सर्वसाधारण तारीख १ जून असून, आठवडाभर मागेपुढे होणे हे नित्याचेच आहे. मुंबईची सर्वसाधारण तारीख पूर्वी १० जून मानली जाई. २०२० साली झालेल्या फेरआढाव्यानंतर ती ११ जून झाली. पण या दोन तारखांमधील अंतर दरवर्षी दहा दिवसांचेच असते असे नाही. २००९ साली केरळात मोसमी पावसाने २३ मे रोजीच ठाण मांडले. त्या वर्षी पुढे मोसमी वारे जूनमध्ये दीर्घकाळ थबकले आणि देशात संपूर्ण हंगामात सरासरीच्या केवळ ७८ टक्के पाऊस झाला. गेल्या अनेक दशकांतील तीव्र दुष्काळांत त्या वर्षाची गणना होते. २०२३ साली आगमन ८ जूनला झाले, तीनच दिवसांत वारे दक्षिण कोकणापर्यंत आले आणि तेथे अडकून पडले. अरबी समुद्रातील 'बिपरजॉय' चक्रीवादळाने त्यांची वाटचाल विस्कळीत केली. मुंबईत पाऊस २५ जूनला पोहोचला. त्याच दिवशी तो दिल्लीतही पोहोचला. अशी घटना यापूर्वी १९६१ साली घडली होती. २०२५ साली केरळातील आगमन २४ मेला आणि मुंबईतील २६ मेला, म्हणजे नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी झाले. परंतु महिनाअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत वाऱ्यांची पुढची चाल थांबली.

या तीनही वर्षी केरळापुरता 'सेट इन' हा शब्द खरा होता. चूक झाली असेल, तर ती तिरुवनंतपुरमच्या पावसाची हमी यवतमाळच्या शेताला लागू करण्यात.

ओल आणि वापसा

पावसाच्या बातमीचा अर्थ लावण्यात चूक झाली, तर तिचा खर्च शेतात निघतो. मृगाच्या आधी वा मृगात एखादा जोराचा पाऊस होतो, जमिनीचा वरचा थर भिजतो, मातीचा वास सुटतो आणि गावात तिफणी बाहेर निघतात. शेजाऱ्याने पेरले म्हणून दुसराही पेरतो. दाणा मातीतील ओल शोषून फुगतो. सोयाबीनच्या दाण्याला उगवण्यासाठी आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी शोषावे लागते. त्याचे टरफल पातळ असते. फुगलेला दाणा पुन्हा सुकला, की त्यातील अंकुर मरतो आणि नंतरच्या पावसाने तो जिवंत होत नाही. उगवलेच, तर कोवळे मूळ वरच्या दोनतीन इंच ओलीत अडकून पडते. त्यावर दहाबारा दिवसांची उघडीप आणि तापलेले ऊन पडले, की ओळीच्या ओळी माना टाकतात. मग दुबार पेरणी : पुन्हा बियाणे, पुन्हा खत, पुन्हा मजुरी किंवा ट्रॅक्टरचे भाडे, आणि यांतील बहुतेक पैसा उसना.

बियाण्याच्या खर्चाइतकेच हरवलेल्या दिवसांचे नुकसान मोठे असते. मूग आणि उडीद ही अल्प मुदतीची पिके जूनअखेर किंवा जुलैच्या प्रारंभी पडली तर साधतात. त्यापुढे त्यांचा हंगाम सरतो. सोयाबीनची पेरणी जुलैच्या मध्याच्या पुढे गेली, तर उत्पादन घसरते. कापूस उशिरा लागला, तर बोंडे भरण्याच्या वेळी हलक्या जमिनीतील ओल आटलेली असते. मग तूर, बाजरी, सूर्यफूल अशा पर्यायांकडे वळावे लागते.

म्हणूनच कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे दरवर्षी एकच सूचना देतात : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी खोल ओल गेल्याशिवाय आणि वापसा आल्याशिवाय पेरणी करू नये. 'वापसा' हा शब्द येथे फार मोलाचा आहे. चिखलही नाही आणि कोरडेही नाही, अशी भिजलेल्या मातीतून जादा पाणी निघून गेल्यावर येणारी मशागतीस योग्य अवस्था म्हणजे वापसा. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा. तो हाताला न चिकटता जमला आणि खाली टाकताच फुटला, म्हणजे वापसा आला. 'सेट इन' या क्रियापदाची जमिनीवरची कसोटी यापेक्षा वेगळी ती काय असणार? हवामान विभागाची चौदा केंद्रे केरळापुरती असतात, पंधराव्या केंद्राचे काम ज्याच्या त्याच्या शेतात ही मूठच करते.

पाऊस लागण्यापूर्वी पेरूच नये, असा मात्र याचा अर्थ नाही. कोकणात भाताची धूळवाफेवरील पेरणी आणि खानदेशात कपाशीची धूळपेरणी जाणूनबुजून कोरड्या मातीत केली जाते. तेथे दाणा कोरडाच राहून पावसाची वाट पाहतो, म्हणून तो वाचतो. धोका असतो तो अर्धवट ओलीत. पुरेशा कोरडीत पेरणारा पावसाची तारीख गृहीत धरीत नाही, भरपूर ओलीत पेरणाऱ्याला ती कळलेली असते; मधल्या शेतकऱ्याने 'पडला' या शब्दाला 'लागला' समजलेले असते.

बातमी ऐकताना तीन गोष्टी तपासून पाहणे यासाठी उपयोगी ठरते. पहिली, निवेदन कोणत्या प्रदेशाबद्दल आहे. दुसरी, त्यात पुढील चारपाच दिवसांत वारे पुढे सरकण्यास परिस्थिती अनुकूल असल्याचे म्हटले आहे की नाही. हे वाक्य निवेदनात बहुधा असते आणि मथळ्यात क्वचितच येते. तिसरी, आपल्या तालुक्याच्या पर्जन्यमापकात आतापर्यंत किती मिलिमीटर साठले. मराठी वार्ताहरांनी केरळासाठी 'मोसमी पाऊस लागला' किंवा 'स्थिरावला' आणि पुढच्या वाटचालीसाठी 'पोहोचला' असे दोन वेगळे शब्द रूढ केले, तर पहिल्या दोन गोष्टी मथळ्यातच कळू लागतील. 'दाखल' हा शब्द आता इतका रुळला आहे, की तो जाणार नाही. पण दोन ठिकाणी एकच शब्द असण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

हंगामाच्या दुसऱ्या टोकाला विभागाची शब्दयोजना पुन्हा बदलते. १७ सप्टेंबर या सर्वसाधारण तारखेच्या सुमारास मोसमी वारे पश्चिम राजस्थानातून माघारी फिरतात. त्यासाठी 'विथड्रॉ' हे क्रियापद येते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तामिळनाडूकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि त्याची वार्ता देताना 'कमेन्स' हे औपचारिक क्रियापद वापरण्याची प्रथा आहे. 'सेट इन' हे क्रियापद मग पुढे नोव्हेंबर-डिसेंबरात थंडीच्या बातमीत भेटते. तोपर्यंत सोलापूर आणि मराठवाड्याकडील काळ्या जमिनीत परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहिलेली असते.